गालिच्याची खालची बाजू

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या दहापंधरा वर्षांतील अमेरिकेचे एक चित्र जगभर मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. हिरवळ राखलेले टुमदार घर, दारात मोटार, स्वयंपाकघरात शीतकपाट, बैठकीच्या खोलीत दूरचित्रवाणी संच आणि पायाखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेला गालिचा. कलकत्त्याच्या चौरंगीवर मेट्रो-गोल्डविन-मायर या अमेरिकन कंपनीने १९३५ साली उभारलेल्या मेट्रो चित्रपटगृहात हे चित्र आठवड्यामागून आठवडे दाखवले जाई. त्याच वेळी हुगळीच्या पलीकडच्या तीरावर, हावड्याच्या तागाच्या गिरण्यांत, त्या घराच्या जमिनीची खालची बाजू विणली जात होती. यात अलंकारिक असे काहीच नाही. अमेरिकेतील लिनोलियमच्या अस्तराला, पुढे गालिच्यांच्या पाठीला आणि शेतमालाच्या व पशुखाद्याच्या गोण्यांना लागणारे तागाचे कापड हुगळीकाठच्या गिरण्यांतून जात असे. या कापडाचे, म्हणजे हेसियनचे, सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका हेच होते.

म्हणून युद्धोत्तर अमेरिकेचे दैनंदिन जीवन, तेथील भाव, तेथील करमणूक आणि तेथील वृत्तपत्रे यांविषयी लिहावयाचे असेल तर ते हावड्याहून लिहिणे अगदीच अनाठायी होणार नाही. भाव, करमणूक आणि बातमी ही तीन स्वतंत्र खाती आहेत अशी समजूत केवळ सरकारची नाही. पुरोगामी चळवळीतही ती खोलवर रुजलेली आहे. महागाईविरोधी मोर्चा एका समितीकडे, कलापथक दुसऱ्या समितीकडे आणि वृत्तपत्र तिसऱ्या समितीकडे अशी वाटणी होते आणि तिघांची भेट वार्षिक अहवालातच पडते. हावड्याचा १९४३ ते १९६७ या काळाचा इतिहास या समजुतीला पार छेद देणारा आहे.

फेब्रुवारी १९४३ मध्ये हावड्याचा नवा पूल वाहतुकीसाठी खुला झाला. त्यासाठी सुमारे २६,५०० टन पोलाद लागले व त्यातील बहुतेक, सुमारे २३,००० टन, जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातून आले. युद्धकाळातील अभियांत्रिकीचा तो एक मोठा पराक्रम होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पूल खुला झाला त्या वर्षीच मेदिनीपूर आणि दक्षिण बंगालच्या इतर भागांतून उपाशी शेतमजुरांचे, कोळ्यांचे आणि कारागिरांचे लोंढे कलकत्त्याच्या रस्त्यांवर येऊन पडू लागले. ते भात मागत नव्हते. भाताची निवळ, ज्याला बंगालीत 'फ्यान' म्हणतात, ती मागत होते. कलकत्त्याच्या घाऊक बाजारात डिसेंबर १९४२ मध्ये तांदळाचा भाव मणाला तेराचौदा रुपये होता. मार्च १९४३ मध्ये तो २१ झाला, मेमध्ये ३० च्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये ३७ पर्यंत पोचला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. पुढील अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या घरात नेली.

या दुष्काळात एक गोष्ट अशी घडली की तिच्यावर सहसा बोलले जात नाही. युद्धसामग्री पुरवणाऱ्या कारखान्यांतील कामगार उपाशी राहिला तर उत्पादन थांबेल, हे भांडवलदारांना नेमके कळत होते. बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सने १९४२ सालीच आपल्या सभासद कारखान्यांसाठी अन्नधान्याची योजना आखली, आणि मोठ्या गिरण्यांतील कामगारांना नियंत्रित भावाने तांदूळ मिळू लागला. हावड्याच्या मोठ्या कारखान्यांतील कामगार या योजनेमुळे जगला. पण त्याला मिळालेला तांदूळ ज्या गावांतून उचलला गेला, त्याच गावांत त्याचे आईबाप आणि भावंडे भुकेने मरत होती. अन्न देशात नव्हते म्हणून माणसे मेली, असे साम्राज्य सरकार सांगत राहिले. प्रत्यक्षात अन्न कोणाला द्यावयाचे याचा निर्णय झालेला होता आणि त्या निर्णयात शेतमजुराला स्थान नव्हते. कामगार आणि शेतमजूर यांची एकजूट ही घोषणा देणे सोपे आहे. एकाच्या ताटातील घास दुसऱ्याच्या ताटातून काढून देण्याची व्यवस्था मालकवर्ग किती सहज करतो, हे १९४३ साली दिसले.

त्या व्यवस्थेला पहिला जाहीर जाब विचारला तो बंगालच्या स्त्रियांनी. मार्च १९४३ मध्ये महिला आत्मरक्षा समितीच्या पुढाकाराने सुमारे ५,००० स्त्रिया कलकत्त्याच्या विधानसभेवर तांदूळ मागण्यासाठी चालून गेल्या. मुंबईत १९७२ नंतर अहिल्या रांगणेकर, मृणाल गोरे, तारा रेड्डी आणि त्यांच्या सहकारिणींनी लाटणी हातात घेऊन जे मोर्चे काढले, त्यांची ही मोठी बहीण शोभावी. कलकत्त्यात आणि लगतच्या औद्योगिक पट्ट्यात रीतसर शिधावाटप सुरू झाले ते १९४४ च्या आरंभी, म्हणजे लाखो माणसे मरून गेल्यानंतर.

आता अमेरिकेकडे वळावे. युद्धकाळात तेथेही भावांवर नियंत्रण होते आणि मांस, साखर, लोणी यांना शिधापुस्तिका लागत. सामान्य अमेरिकन गृहिणीला ही व्यवस्था गैरसोयीची वाटली, तरी तिच्या मिळकतीला तिचाच आधार होता. युद्ध संपताच उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने नियंत्रणाविरुद्ध प्रचंड जाहिरातमोहीम उघडली. नियंत्रण गेले की उत्पादन वाढेल आणि उत्पादन वाढले की भाव आपोआप उतरतील, असे त्या जाहिरातींचे सार होते. ३० जून १९४६ रोजी नियंत्रणाचा कायदा संपुष्टात आला आणि भाव उसळले. काही आठवड्यांनी तो दुबळ्या स्वरूपात पुन्हा आला, तेव्हा मांसाच्या व्यापारातील बड्या धेंडांनी गुरे बाजारातच आणली नाहीत. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी मांसावरील नियंत्रण उठवले आणि वर्षअखेरपर्यंत बहुतेक सारी नियंत्रणे गेली. १९४७ साली तेथील ग्राहक-भावांचा निर्देशांक सरासरी १४ टक्क्यांनी वाढला. अमेरिकन स्त्रियांनी मांस न घेण्याचे सत्याग्रह केले. चित्रपटातील हसऱ्या गृहिणीच्या हाती मात्र बहिष्काराचा फलक कधी दिसला नाही.

हीच कहाणी दीड वर्षाच्या अंतराने भारतात घडली. नियंत्रणामुळेच काळाबाजार होतो, ते उठवावे, असा आग्रह व्यापारीवर्गाने धरला. नियंत्रणांना गांधीजींचाही विरोध होता. त्यांच्या विरोधामागील तळमळ प्रामाणिक होती. पण तिचा फायदा कोणी उठवला हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. डिसेंबर १९४७ मध्ये अन्नधान्यावरील नियंत्रण सैल करण्यात आले. घाऊक भावांचा निर्देशांक, १९३९ चा भाव १०० धरून, नोव्हेंबर १९४७ मध्ये ३०२ च्या आसपास होता. जुलै १९४८ मध्ये तो ३९० च्या जवळ गेला. सप्टेंबर १९४८ मध्ये सरकारला नियंत्रण पुन्हा आणावे लागले. स्वतंत्र भारताच्या पहिल्याच वर्षी साठेबाजाला मोकळीक मिळाली, ती अमेरिकेच्या ताज्या अनुभवाकडे डोळेझाक करून. हावड्याच्या रेशन दुकानापुढच्या रांगेतील माणसाला न्यूयॉर्कचा निर्देशांक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दिल्लीतील अर्थखात्याला तो ठाऊक होता.

ताग आणि डॉलर यांचे नाते तर याहूनही थेट होते. फाळणीने तागाच्या गिरण्या सगळ्या भारतात ठेवल्या आणि ताग पिकवणारी बहुतेक जमीन पूर्व पाकिस्तानात टाकली. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनपाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि कच्च्या तागाचा व्यापार ठप्प झाला. १८८४ पासून मालकांची एकजूट सांभाळणाऱ्या ज्यूट मिल्स असोसिएशनने आपले जुनेच हत्यार बाहेर काढले. कामाचे तास कमी, काही माग सीलबंद, आणि पुरवठा आवळून मालाचा भाव वर. पुढच्याच वर्षी कोरियात युद्ध पेटले, अमेरिकेने साठे करण्यास सुरुवात केली आणि तागाच्या मालाचे भाव गगनाला भिडले. मंदीत मागावरून उठवलेल्या कामगाराला तेजीत त्याचा वाटा मिळाला काय? सुमारे तीन लाखांच्या या कामगारसेनेतून पुढील दशकात रुंद माग आणि वेगवान चात्या यांच्या नावाखाली जवळजवळ एक लाख माणसे कमी झाली. एवढे उत्तर पुरे आहे.

नोव्हेंबर १९५० मध्ये हावड्यातील एखादा विणकर जे कापड विणत होता ते लाँग आयलंडवरील लेव्हिटाउनच्या एखाद्या घरात पोचले असणे सहज शक्य आहे. १९४७ पासून उभारलेल्या त्या वसाहतीत १९४९ साली घर ७,९९० डॉलरना मिळे, युद्धावरून परतलेल्या सैनिकाला कर्जही मिळे. मात्र तो सैनिक निग्रो असेल तर त्याला घर विकले जात नसे. बैठकीच्या खोलीतील दूरचित्रवाणी १९५० साली शंभरांतील ९ घरांत होती, १९६० साली ८७ च्या आसपास घरांत. घराची किंमत, घरातील वस्तू आणि घरातील करमणूक ही एकाच कारखान्यातून एकत्र बांधून पाठवली जात होती. ज्यांनी त्या करमणुकीत वेगळा सूर लावला त्या हॉलिवूडच्या दहा लेखक-दिग्दर्शकांना १९४७ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उभे करण्यात आले व पुढे तुरुंगात धाडण्यात आले. १९५२ साली चार्ली चॅप्लिन इंग्लंडला जाण्यासाठी जहाजावर चढल्यावर त्यांचा परतीचा परवाना रद्द झाला.

हावड्याच्या माणसाची करमणूक मेट्रोच्या पडद्यावर संपत नव्हती, हे त्याचे सुदैव. १९४३ साली झळकलेला बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. बाहेर दुष्काळ, दंगा आणि संप. आत खिसेकापू नायकाच्या भूमिकेत अशोककुमार. या एका गोष्टीवरून शहराच्या संवेदनशून्यतेचे निदान करणारे पुष्कळ भेटतात. ते निदान उतावळे आहे. दिवसभर यंत्रापाशी उभे राहून नंतर रेशनच्या रांगेत उभे राहणारा माणूस दोन तास बसून हसला तर तो गुन्हा होत नाही. प्रश्न एवढाच की त्याच्या स्वतःच्या दिवसाची कथा त्याला दाखवणारे कोणी होते काय.

होते. ऑक्टोबर १९४४ मध्ये इप्टाने कलकत्त्याच्या श्रीरंगम रंगमंदिरात बिजन भट्टाचार्य यांचे 'नवान्न' रंगमंचावर आणले. शंभू मित्र आणि स्वतः नाटककार यांनी ते बसवले. गाव सोडून शहराच्या फुटपाथवर आलेले शेतकरी कुटुंब हाच त्याचा विषय. तो दुष्काळ ज्यांनी वर्षापूर्वी उंबरठ्यावरून पाहिला होता, त्यांना तो प्रेक्षागृहात बसून पुन्हा पाहावा लागला. याच काळात मुंबईच्या गिरणगावात अण्णा भाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. हुगळीकाठच्या उपाशी माणसाची बातमी परळ-लालबागच्या कामगाराला शाहिराच्या तोंडून मिळाली, आणि ती ऐकून त्याने खिशात हात घातला. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडा हे वृत्तपत्र आहे, करमणूक आहे आणि मदतनिधीची पावतीही आहे, असा तो काळ होता. महाराष्ट्र आणि बंगाल यांच्यात असा पूल पूर्वीही होता. मराठी घराण्यातील सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ साली बंगालीत 'देशेर कथा' लिहून ब्रिटिश लुटीचा हिशेब सामान्य वाचकापुढे मांडला होता आणि १९१० साली सरकारने ते पुस्तक जप्त केले होते.

चित्रपटातही हा प्रवाह आला. निमाई घोष यांचा 'छिन्नमूल' फाळणीच्या निर्वासितांना घेऊन सियालदह स्थानकावर गेला. बिमल रॉय यांच्या १९५३ च्या 'दो बीघा जमीन'मध्ये हावड्याच्या पुलाखालचे शहर एका शेतकऱ्याच्या डोळ्यांनी दिसले. बलराज साहनी यांनी त्यासाठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर हातरिक्षा ओढण्याचा सराव केला होता. परंतु पडदा कोणाच्या मालकीचा हा प्रश्न सुटलेला नव्हता. ऋत्विक घटक यांचा 'नागरिक' हा बेकार तरुणाच्या निम्नमध्यमवर्गीय कुटुंबाचा चित्रपट १९५२ साली पुरा झाला व लोकांना दिसला १९७७ साली, दिग्दर्शकाच्या मृत्यूनंतर. याउलट १९५८ चा 'हावडा ब्रिज' देशभर धडाक्याने चालला. मधुबाला, हेलनचे नृत्य, ओ. पी. नय्यर यांचे संगीत, आणि सगळा बाज अमेरिकन गुन्हेपटाचा. ज्या पुलाचे नाव चित्रपटाला दिले तो ओलांडून रोज गिरणीत जाणारा माणूस त्या कथेत कोठेच नव्हता.

आकाशवाणीची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात एक मराठी मंत्री आहेत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. हेतू शास्त्रीय संगीताच्या रक्षणाचा. परिणाम असा की डिसेंबर १९५२ पासून देशातील चाळी, वस्त्या आणि चहाची दुकाने एका टूथपेस्टच्या नावाने चालणाऱ्या गीतमालेसाठी रेडिओ सिलोनला जाऊन मिळाली. सरकारने लोकांची आवड सुधारायला घेतली आणि ती जाहिरातदाराच्या स्वाधीन केली.

बातमीच्या बाबतीत युद्धकाळाने एक धडा दिला होता. दुष्काळ हा शब्दच सरकारी पत्रकांत वर्ज्य होता. ऑगस्ट १९४३ मध्ये 'स्टेट्समन' या ब्रिटिश मालकीच्या पत्राने, संपादक इयान स्टीफन्स यांच्या निर्णयाने, फुटपाथवरील प्रेतांची छायाचित्रे छापली तेव्हा जग जागे झाले. त्या संपादकाचे श्रेय नाकारू नये. मात्र चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूरच्या गावांतून पायी फिरून काढलेल्या रेखाचित्रांचे 'हंग्री बेंगाल' हे पुस्तक सरकारने जप्त करून नष्ट केले, आणि सुनील जाना यांची छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकांतून देशभर गेली. डिसेंबर १९४५ मध्ये कलकत्त्यात पक्षाचे बंगाली दैनिक 'स्वाधीनता' सुरू झाले; मार्च १९४८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये पक्षावर बंदी आली तेव्हा तेही बंद पडले व १९५१ साली पुन्हा निघाले.

बातमीची जागा रिकामी राहिली तर ती कशाने भरते, हे १९४६ साली दिसले. २९ जुलै रोजी टपाल कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी कलकत्ता आणि हावडा, हिंदू आणि मुसलमान, एकदिलाने बंद राहिले. त्यानंतर १८ व्या दिवशी, १६ ऑगस्टला, त्याच शहरात कत्तल सुरू झाली आणि चार दिवसांत सुमारे ४,००० माणसे मारली गेली. त्या चार दिवसांत अफवा हेच वृत्तपत्र होते. ट्राम कामगारांसारख्या काही संघटनांनी आपली एकी टिकवली, हे खरे. पण लाखोंच्या संपाने निर्माण केलेली एकजूट घराघरात, गल्लीगल्लीत पोचवणारे साधन चळवळीपाशी पुरेसे नव्हते, हेही तितकेच खरे आहे. २९ जुलैचा अभिमान सांगताना या अठरा दिवसांचा हिशेब टाळण्याची सवय बरी नाही.

हा हिशेब पुढे सात वर्षांनी ट्रामच्या डब्यात थोडाफार चुकता झाला. कलकत्ता ट्रामवेज ही लंडनमध्ये नोंदलेली कंपनी. हावड्याच्या बांधाघाट आणि शिवपूर मार्गांवरही तिचीच ट्राम धावे आणि पुलावरून पलीकडच्या कचेऱ्यांत, गोदामांत, कारखान्यांत माणसे नेई. १ जुलै १९५३ पासून कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एक पैसा वाढवले. तेव्हाचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. एका पैशासाठी एवढा गदारोळ कशाला, असा प्रश्न मालकांच्या पत्रांनी त्या वेळी विचारला. दुसऱ्या वर्गाने कोण जात होते हे पाहिले की त्याचे उत्तर मिळते. मजूर, फेरीवाला, कारकून, विद्यार्थी आणि नुकताच पूर्व बंगालातून येऊन वसाहतीत झोपडी बांधलेला निर्वासित. दिवसातून दोनदा, कधी चारदा, असा महिनाभर तो पैसा मोजावयाचा होता आणि तो लंडनच्या भागधारकाकडे जाणार होता.

भाडेवाढ-विरोधी प्रतिकार समितीत ज्योती बसू, हेमंत बसू, सुबोध बॅनर्जी, सुरेश बॅनर्जी अशी वेगवेगळ्या पक्षांची माणसे होती. आंदोलनाचे तंत्र साधे होते. प्रवासी डब्यात चढत, जुने भाडे कंडक्टरपुढे धरत आणि वाढीव पैसा नाकारत. कंडक्टरांपैकी कित्येकांची सहानुभूती कोणीकडे होती हे वेगळे सांगायला नको. त्यातून अटका झाल्या, हरताळ झाले, ट्रामगाड्या जळल्या, लाठ्या आणि गोळ्या चालल्या. जाळपोळीने चळवळीचे भले झाले असे म्हणवत नाही. पण पहिली लाठी प्रवाशाने उगारलेली नव्हती. २२ जुलै रोजी मैदानावर पोलिसांनी वार्ताहर आणि छायाचित्रकार यांनाच झोडपून काढले. तोवर आंदोलनाला गुंडगिरी ठरवणारी दैनिके त्या दिवसानंतर वेगळी भाषा बोलू लागली. बातमी देणाऱ्याच्या पाठीवर वळ उठल्यावर त्याला बातमी दिसली, असे कोणी उपहासाने म्हणेल. महिनाअखेरीस सरकारने माघार घेतली, वाढ स्थगित झाली आणि प्रश्न न्यायाधिकरणाकडे गेला.

या लढ्यात भाव आणि बातमी यांची सांगड डब्याडब्यात घातली गेली. सभेला न जाणारा, पत्रक न वाचणारा माणूसही रोज सकाळी ट्राममध्ये इतर चाळीसजणांबरोबर बसत होता. तेथे तो पैसा नाकारत होता आणि काल शिवपुरात काय झाले, बडाबाजारात काय झाले हे ऐकत होता. १९४६ साली नसलेले साधन हेच. इप्टाची पथके ठिकठिकाणी गात हिंडली त्याचेही मोल या हिशेबात धरले पाहिजे.

१९५६ साली भारताने अमेरिकेशी पी. एल. ४८० खाली गव्हाचा पहिला करार केला. भात खाणाऱ्या बंगाल्याच्या रेशनकार्डावर अमेरिकन गहू आला. अमेरिकेतील शेतमालाचा भाव पडू नये म्हणून तेथील सरकार जे धान्य विकत घेऊन कोठारात टाकत होते, ते येथे मैत्रीच्या नावाने उतरू लागले. भुकेल्याला गहू नको होता असे नाही. पण त्याच्या आधारावर सरकारने साठेबाजाला हात लावण्याचे आणि जमिनीच्या फेरवाटपाचे काम लांबणीवर टाकले. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी मूल्यवृद्धी व दुर्भिक्ष प्रतिरोध समितीच्या मोर्च्यावर कलकत्त्यात झालेला लाठीमार इतका निर्घृण होता की समितीने मृतांची संख्या ८० सांगितली. पुढे १९६५ साली दुधाच्या टंचाईचे कारण देऊन राज्य सरकारने छेन्याच्या मिठाईवरच बंदी घातली; संदेश आणि रसगुल्ला यांवाचून बंगालचा सण कसा साजरा व्हावा याची सूचना त्या आदेशात नव्हती. मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांनी लोकांना कच्ची केळी खाण्याचा सल्ला दिला. फेब्रुवारी १९६६ मध्ये बसिरहाट भागात तांदूळ आणि रॉकेल मागणाऱ्या जमावावर गोळीबार होऊन नूरुल इस्लाम हा शाळकरी मुलगा ठार झाला. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष जॉन्सन भारताकडे जाणाऱ्या गव्हाची जहाजे एकेका महिन्याच्या हिशेबाने सोडत होते, दोर आखडता धरून. १९६७ च्या निवडणुकीत सेन आपल्या आरामबागेत पराभूत झाले.

या साऱ्या प्रकरणी बोट काँग्रेसकडेच दाखवून थांबता येत नाही. २००७ साली डाव्या आघाडीच्या राज्यात बांकुडा, बीरभूम, बर्धमान येथील खेड्यांतून लोकांनी रेशन दुकानदारांच्या घरांवर हल्ले केले, तेव्हा धान्य काळ्या बाजारात जात असल्याची लोकांची तक्रार जुनी झालेली होती. ती तक्रार पक्षशाखांच्या कानी वेळेवर का पडली नाही? १९५३ च्या ट्रामच्या डब्यात जे ऐकू येत होते, ते तीस वर्षे सत्तेत काढल्यावर ऐकू येईनासे झाले होते.

आणि गालिचा? अमेरिकेतील गालिच्यांच्या कारखान्यांनी साठच्या दशकाच्या मध्यापासून तागाच्या जागी पॉलिप्रॉपिलीन वापरण्यास सुरुवात केली. खनिज तेलापासून होणारे ते कापड स्वस्त पडले, एकसारखे मिळाले आणि त्यात संपाची भीती नव्हती. हावड्याच्या गिरण्यांची हलाखी तेव्हापासून वाढत गेली. १९८४ चा ८४ दिवसांचा संप झाला तोवर परदेशी गिऱ्हाईक बव्हंशी निघून गेले होते. १९८७ च्या कायद्याने सरकारी धान्य तागाच्या गोण्यांतच भरावे असे बंधन आले आणि गिरण्या त्या आधाराने तगल्या. आज हावड्यात विणली जाणारी गोणी मुख्यतः आपल्याच देशाच्या रेशनच्या धान्याची आहे.

बांधाघाटची ट्राम १९७० साली बंद झाली, शिवपूरची १९७१ साली, आणि १९९३ नंतर पुलावरूनही ट्राम धावली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा वारशाचा एक मार्ग वगळून उरलेली ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी मार्चपासून हुगळीच्या पात्राखालून मेट्रो रेल्वे धावू लागली; हावडा मैदान ते एस्प्लनेड हे भाडे १० रुपये ठेवण्यात आले. डब्यात प्रवासी आपापल्या भ्रमणध्वनीकडे पाहत उभे असतात. एस्प्लनेडला वर येऊन चौरंगीवर आले की थोड्याच अंतरावर जुन्या मेट्रो चित्रपटगृहाची इमारत लागते. तिच्यात आता दुकाने आहेत आणि एक मल्टिप्लेक्स आहे.